लागेल तेवढं पाणी

श्रावण लागला की अनेक मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठराव मंजूर होतो. 'यंदा आईकडून उकडीचे मोदक नीट शिकून घ्यायचे. पुढच्या पिढीसाठी हे जपलं पाहिजे.' ठराव मांडतो मोठा मुलगा, अनुमोदन देतो न्यू जर्सीतला धाकटा, आणि पुण्याची आत्या हात जोडल्याच्या खुणा टाकून सभा संपवते. शिकायचं कोणी, हा प्रश्न निघाला की मोठ्याला ऑफिस आडवं येतं, धाकट्याला सात समुद्र आणि आत्याला गुडघे. मग नेमणूक होते ती घरातल्या एकमेव रिकाम्या माणसाची. तिचं वय दहा, इयत्ता पाचवी, आणि मोदकांशी तिचा संबंध आतापर्यंत फक्त ताटात आलेला असतो.

डोंबिवलीतल्या एका घरात हा ठराव जरा जास्तच मनावर घेतला गेला. बाबांनी डिजिटल वजनकाटा मागवला, मोबाइलसाठी तिपाई मागवली आणि एक्सेलमध्ये 'आजी प्रकल्प' नावाची फाइल उघडली. फाइलला रकाने होते: घटक, वजन, तापमान, वेळ, शेरा. हा सगळा प्रकल्प जिच्यावर होता त्या आजीला कोणी काही विचारलं नव्हतं. तिने ओट्यासमोर उभी केलेली तिपाई पाहिली आणि म्हणाली, "फोटोग्राफर येणार आहे का? मग साडी बदलून येते."

बाबा मुळात अभ्यासू. स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी विषयाचं वाचन केलं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास'मध्ये खाण्यापिण्यावर सविस्तर लिहून ठेवलंय, हे त्यांनी जेवताना सांगितलं. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी 'सूपशास्त्र' छापलं, हे आमटी वाढून घेताना सांगितलं.

"म्हणजे स्वयंपाकाची परंपरा आपल्याकडे पुरुषांनीही जपली आहे," त्यांनी निष्कर्ष काढला.

"लिहिण्याची जपली आहेच," आई म्हणाली. "ते आमटीचं पातेलं जरा आत ठेवाल का?"

बायकांची पुस्तकं त्यानंतर आली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं, आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापात सांगणाऱ्या 'रुचिरा'ने नव्या नवऱ्यांचे संसार किती सावरले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आजीकडेही तिची एक प्रत होती. पाठीला चिकटपट्टी, आतल्या पानांवर हळद, तेल आणि बाबांनी लहानपणी काढलेलं विमान. बाबांनी अधीरतेने मोदकांचं पान उघडलं. पुस्तकातलं सगळ्यात स्वच्छ पान तेच होतं.

पहिला धडा गिरणीत झाला. आंबेमोहोर तांदूळ धुऊन, पंच्यावर पसरून, सावलीत वाळवून झाल्यावर आजीने डबा नातीच्या हातात दिला. "दळण तांदळावरच टाकायला सांग. आधी गहू-बाजरी दळली असेल तर थांब."

नात थांबली. तिच्या आधी कोणाची बाजरी होती, मग कोणाचे गहू, मग एका काकूंची थालिपिठाची भाजणी. ती जेव्हा परतली तेव्हा केस पांढरे झाले होते आणि गिरणीवाल्याच्या मुलाचं लग्न कुठे जमलंय हे तिला माहीत होतं. बाबांच्या फाइलमध्ये मात्र दळणाला रकानाच नव्हता. प्रकल्प स्वयंपाकघरात सुरू होतो, अशी त्यांची समजूत होती.

रंगीत तालमीसाठी बाबांनी सोमवार निवडला. नातीच्या शाळेला सुट्टी होती आणि बाबांचं काम त्या दिवशी घरून होतं. हा श्रावणी सोमवार आहे आणि घरातल्या मोठ्या माणसांना उपास आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. या गोष्टीचे परिणाम पुढे सारणाने भोगले.

सकाळी दहाला काका न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर आले. त्यांच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि परंपरेसाठी आपण जागे आहोत, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनी काटा शून्यावर आणला. नातीने वही उघडली.

"आजी, पाणी किती घ्यायचं?"

"पिठी असेल तेवढं."

"पिठी किती?"

"माणसं किती?"

बाबा मध्ये पडले. "आई, एका माणसाला किती ते सांग, आपण गुणू."

"माणूस कोण, त्यावर आहे. तुझे बाबा असले तर वेगळं, आत्याचे यजमान असले तर वेगळं." आत्याचे यजमान मोदकांना हात लावण्याआधी पट्टा एक घर सैल करतात, ही कुटुंबातली नोंदलेली वस्तुस्थिती होती. बाबांनी ती 'शेरा' रकान्यात लिहिली.

शेवटी 'एक वाटी' यावर तडजोड झाली. वाटी कुठली, हा पुढचा मुद्दा. आजीची वाटी म्हणजे स्टीलची, एका बाजूने चेपलेली, बुडाशी नाव कोरलेली. कोणा एका जोडप्याकडून सप्रेम भेट, साल १९७४. हे जोडपं कोण, हे आजीला आठवत नव्हतं, आजोबांना आठवत नव्हतं, आणि काकांनी पलीकडून सुचवलेली तिन्ही नावं आजीने 'छे, ते कुठले वाटी देतायत!' म्हणून फेटाळली. या अज्ञात दांपत्याच्या भरवशावर घरातल्या मोदकांचं गणित इतकी वर्षं उभं होतं.

आजीने पहिली वाटी भरली, ओट्यावर दोनदा आपटली आणि वरून बोट फिरवून सपाट केली. बाबांनी वजन घेतलं. दुसरी वाटी तिने भरली आणि सरळ परातीत ओतायला निघाली. बाबांनी तिला अडवून तीही तोलली. दोन वाट्यांत चांगला वीसेक ग्रॅमचा फरक.

"आई, ही का नाही आपटलीस?"

"कुकरची शिटी झाली ना तेवढ्यात."

बाबांनी शेरा लिहिला: शिटी.

देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात येऊ लागले. त्याआधी दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असा नीटनेटका दुपटीचा कारभार होता. सरकारने तो बदलला, दुकानदारांनी बदलला, रेशनिंगवाल्यांनीही बदलला. आजीच्या ओट्यापर्यंत मात्र यातलं काहीच पोचलं नाही, चिपटंही नाही आणि ग्रॅमही नाही. तिथे मिठाचं माप 'बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं', तुपाचं 'हात आखडता न घेता' आणि गुळाचं 'खोबऱ्याच्या निम्मं, पण गूळ बघून'.

"गूळ बघून म्हणजे काय बघायचं?" काकांनी विचारलं.

"तोंड नाही बघायचं त्याचं. चव बघायची. आणि चिक्कीचा गूळ घेऊ नकोस, सारण दगड होतं."

"इथे एकच गूळ मिळतो आई."

"मग तोच बघ."

पाणी उकळलं. मीठ पडलं, लोण्याचा गोळा पडला. आता उकड घ्यायची, हा प्रकल्पाचा मानबिंदू होता. बाबांनी मोबाइल पातेल्यावर नेला, काका स्क्रीनजवळ आले, आजीने पिठी एकदम ओतली, उलथन्याच्या दांड्याने गरगरा ढवळली, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. सगळं मिळून जेमतेम अर्धं मिनिट. मग झाकण काढलं आणि वाफेने लेन्सवर असा पडदा धरला की पुढचा सगळा भाग फक्त आवाजावर कळत होता.

"आई, एक मिनिट, ते ढवळलंस ते परत कर."

"परत? उकड आहे ती, आरती नाही परत म्हणायला."

बाबांना परत हवंच होतं, म्हणून दुसरी उकड काढली. या वेळी बाबांनी लेन्स पुसली, पण रेकॉर्डिंगचं बटण दाबायला विसरले. तिसऱ्या वेळी बटण दाबलं, पण तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, आणि आजीच्या उकडीच्या जागी बाबांच्या साहेबांचा फोटो झळकू लागला. आंबेमोहोराच्या पिठीचा डबा तळाला टेकला. उकडीचे तीन गोळे झाले, आणि नातीला मात्र कोणी वजनकाट्याजवळ फिरकू दिलं नाही, कारण तिचे हात ओले होते.

हात ओले होते कारण ती उकड मळत होती. आजीने परात तिच्याकडे सरकवून दिली होती, शेजारी गार पाण्याची वाटी आणि थोडं तेल. गरम उकडीला हात लावायचा, 'आई गं' म्हणायचं, हात पाण्यात बुडवायचा, परत लावायचा. आजी काही सांगत नव्हती. मधूनच गोळ्याचा चिमूटभर तुकडा घेऊन बोटांत दाबायची आणि कडेला चीर पडली की परत परातीत टाकायची. नात परत मळायची. चीर पडायची थांबली तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "हं." याचंही ध्वनिमुद्रण झालं नाही.

सारण एव्हाना तयार होऊन कढईत निवत होतं. ओलं खोबरं, गूळ, वेलची, वरून किंचित जायफळ. यातलं काहीही उपासाला चालतं.

पहिले आले आजोबा, चष्मा शोधत. चष्मा त्यांच्या कपाळावर होता, पण शोध कढईपाशी चालला होता. मग आई आली, 'गोड कमी झालंय का' हे बघायला, आणि एका चमच्यात मत बनेना म्हणून दुसरा घेतला. बाबांनी 'नमुना' म्हणून वाटीत काढून घेतलं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यांचाही सोमवार होता. आजीने स्वतः फक्त वेलची उतरलीय का ते पाहिलं, दोनदा. काका न्यू जर्सीत कोरडे बसून हे सगळं बघत होते आणि त्यांचा आवाज दर चमच्याला खाली येत होता. पाऱ्या वळायची वेळ आली तेव्हा कढईत सारणाऐवजी सारणाचा पुरावा उरला होता.

त्यामुळे नातीने पहिल्या कळ्या रिकाम्या पारीला पाडल्या. मधलं बोट आत, अंगठा आणि तर्जनी बाहेर, चिमटा काढायचा, सरकायचं, परत चिमटा. तिची पारी मध्ये पातळ आणि कडेला जाड, म्हणजे जशी असायला हवी त्याच्या बरोबर उलटी झाली. कळ्या मिटताना टोक एका बाजूला गेलं.

"आजी, मोमोसारखा झालाय!" ती आनंदाने ओरडली.

"मोमो म्हणजे?"

नातीने समजावलं. मैद्याची पारी, आत भाजी किंवा खिमा, कळ्या, आणि वाफेवर शिजवायचं. आजीने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तिकडच्या पोरींनाही हा त्रास आहे," ती म्हणाली आणि तो मोदक गार पाण्यात बुडवून मोदकपात्रात ठेवला.

उपासामुळे मोदक मोठ्यांपैकी कोणी खाऊ शकत नव्हतं, सारणाअभावी त्यात खाण्यासारखं काही नव्हतंही. दुपारी साबुदाण्याची खिचडी झाली. तेवढ्यात आत्याचा फोन आला. "मोदक फसले तर फसले," तिने धीर दिला, "खिचडी तरी आपली, हजारो वर्षांची."

नातीचा तेव्हा शाळेत 'पिकांचा प्रवास' असा प्रकल्प चालू होता. तिने ताटातला एकेक जिन्नस बोटाने वेगळा केला. बटाटा अमेरिका खंडातला. मिरची तिथलीच. शेंगदाणा तिथलाच. आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिकडचाच. कोलंबसानंतर युरोपातल्या जहाजांतून हे सगळं जगभर फिरलं. आपल्याकडे साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले, तेही १९४० च्या दशकात. ताटाभोवती शांतता पसरली. आजोबांनी हातातला घास तोंडात न्यावा की नाही, याचा क्षणभर विचार केला.

"तूप तरी आपलं आहे ना?" आजीने विचारलं.

"हो."

"मग जेवा. उपास तुपावर धरायचा."

फाइल कोरडीच राहिल्यामुळे बाबांनी शेवटचा उपाय म्हणून आजीची जुनी वही मागितली. घरोघरी असते तशी ती वही. पुढून आणि मागून दोन्हीकडून सुरू केलेली, मध्ये दुधाचा हिशोब, परटाचे कपडे, कोणाच्या तरी बारशाला दिलेल्या आहेराचा आकडा आणि एका ओव्याच्या अर्काच्या बाटलीचं लेबल. बाबांनी ती तीर्थासारखी हातात घेतली. आत होतं: कुकरमधला केक, नानकटाई, टोमॅटो सॉस वर्षभर टिकणारा, रशियन सॅलड, कोबी मंच्युरियन (शेजारच्या पंजाबी बाईंकडून), आणि साबण घरी करण्याची कृती. पुरणपोळी नव्हती. भाजणी नव्हती. मोदक तर नव्हतेच.

"आई, मोदक का नाही लिहिलेस?"

"येतात की मला."

बाबांनी बराच वेळ त्या वाक्यात एखादी त्रुटी शोधली. मग त्यांनी बटाट्याच्या पापडांच्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर 'अमूल्य ठेवा' म्हणून टाकला. काकांनी त्यावर डोळ्यात पाणी आल्याची खूण पाठवली. आत्याने विचारलं, "ही कृती तर मी आईला दिली होती ना?"

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आईने पिठीचा डबा उघडला आणि तळ पाहिला. तालमीत तीन उकडी आणि नंतर बाबांनी एकट्याने रात्री केलेला एक गुप्त प्रयोग, यात दळण संपलं होतं. पुन्हा तांदूळ धुऊन वाळवायला वेळ नव्हता, आणि गिरणीपुढची रांग रस्त्यापर्यंत आली होती.

आईचं माहेर सोलापूरचं. तिकडे मोदक तळणीचे, कणकेची पारी आणि कढईतलं तेल. उकडीशी तिची गाठ लग्नानंतर पडली. गेली बारा-तेरा वर्षं दर चतुर्थीला एकवीसच्या नैवेद्यापैकी निम्मे मोदक तिने वळले होते, आणि ठराव मंजूर झाला तेव्हा ती ग्रुपवर हजरही होती. 'आईकडून शिकून घ्यायचं' म्हणताना तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिनेही आठवण करून दिली नव्हती. एका काटा-तिपाईचा संसार बघणं तिला पुरेसं करमणुकीचं वाटत होतं.

ती चप्पल घालून नातीसोबत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि मोदकाच्या तयार पिठीची दोन पाकिटं घेऊन आली. पाकिटं स्वयंपाकघरात फोडली, पिठी आजीच्या पितळी डब्यात ओतली आणि रिकाम्या पिशव्या कचऱ्याच्या डब्यात कांद्याच्या सालांखाली गेल्या.

"आजीला सांगायचं?" नातीने विचारलं.

"विचारलं तर सांगू," आई म्हणाली. एका दहा वर्षांच्या मुलीच्या स्वयंपाकाच्या शिक्षणातला हा बहुधा सगळ्यात पारंपरिक भाग होता.

चतुर्थीला आजी सोवळ्यात. नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही, त्यामुळे सारण प्रथमच संपूर्ण मापात राहिलं. आईने उकडीत निम्मं पाणी, निम्मं दूध घातलं, आजीने पिठी घातली. उकड परातीत आली. आजीने चिमूटभर तुकडा घेऊन बोटांत दाबला, तो चिरला नाही. तिने एकदा पिठीच्या डब्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. सून केळीचं पान पुसण्यात गढून गेली होती. नात छताकडे बघत होती.

"यंदा दळण छान मऊ आलंय," आजी म्हणाली.

"हो ना, आई."

"गिरणीवाल्याने तांदळावरच दळलं वाटतं."

"तुम्ही सांगितलं होतं ना तसं."

आजी काही बोलली नाही. नातीने पाऱ्या केल्या, या वेळी कडेला पातळ होत्या. टोकं अजून थोडी कलत होती, पण गणपतीने हरकत घेतली नाही. आरती झाली, नैवेद्य झाला, पानं वाढली गेली. बाबांनी मोदक फोडला, त्यावर तूप सोडलं, डोळे मिटले आणि व्हिडिओ कॉलवर काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "ही चव पाकिटात मिळत नाही!"

आजीला ठसका लागला. आईने तिला पाणी दिलं.

"जावई, अजून दोन घ्या," आजी सावरून म्हणाली. आत्याचे यजमान पट्ट्याकडे हात नेत होते.

जेवणं उरकल्यावर आजीने नातीला आत बोलावलं आणि ती जुनी वही तिच्यापुढे ठेवली. "पेन आण. त्या दुकानाचं नाव लिही. आणि पाकिटाचा रंग कुठला होता तो लिही, मला चष्म्याशिवाय नाव दिसत नाही."

नातीने साबणाच्या कृतीखाली ते लिहून टाकलं. बाहेर काका आईला विचारत होते की दुधाचं नक्की प्रमाण काय, आणि बाबा काटा शोधत होते. परातीत उरलेल्या उकडीत एव्हाना मिरची, जिरं आणि कोथिंबीर पडली होती, त्याच्या चपट्या निवगऱ्या करून नातीने स्वतःच वाफवल्या होत्या. बाबांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि मोबाइल काढला.

"अरे, या कशा केल्यास? परत करून दाखव ना."

"बाबा, उकड संपली," नात म्हणाली. "आता ताट पुढे कर, आजोबांना एकही मिळालेली नाही."